कोमट पाण्याचा गलास

माझा आवाज मोठा आहे. आमच्या घराण्यातच तो मोठा. वडील देवळात आरती म्हणायचे ती कळमनुरीच्या बाजारापर्यंत ऐकू जायची, असं जुने लोक सांगतात. देवळाची पूजा पिढ्यानपिढ्या आमच्याकडे, त्यामुळे घरात सोवळं-ओवळं भरपूर. मी नर्सिंगला गेले तेव्हा आईला माझ्या नोकरीपेक्षा स्वयंपाकघराची काळजी जास्त होती. कुणाकुणाचं काय काय काढून ही पोरगी चुलीपाशी येणार! मी म्हणायचे, आंघोळ करून येते ना. ती म्हणायची, आंघोळीनं सगळं जात नाही. यावरून आमचं दोघींचं इतक्यांदा वाजलं की शेवटी तिनं तो विषय सोडला, आणि माझ्या हातचा चहाही सोडला.

हे आधी सांगायचं कारण असं, की ज्या माणसाबद्दल मी लिहिते आहे त्यांनी हे सगळं मला न विचारताच ताडलं होतं. माझ्या बिल्ल्यावर आडनाव होतं. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि मग माझ्या हातातल्या हातमोज्यांकडं बघितलं.

हिंगोलीच्या ज्या दवाखान्यात मी काम करते तिथं एका बाजूला आमची केमोची खोली आहे. नांदेडचे मोठे डॉक्टर उपचार ठरवून देतात आणि पुढची औषधं आमच्याकडे होतात, नाहीतर माणसं दुखण्याआधी प्रवासानंच मरायची. चार खाटा, खिडकीत कूलर, आणि उन्हाळ्यात दाराशी माठ. इथं कापाकापी नाही, टाके नाहीत, रक्त नाही. भेटायला आलेल्याला वाटतं, इथं काही होतच नाही. माणसं नुसती पडलीत आणि वरून थेंब थेंब गळतो आहे. आमचं काम म्हणजे शीर शोधायची, थेंबाकडं लक्ष ठेवायचं, उलटीचं भांडं वेळेवर पुढं करायचं आणि तेच तेच सांगत राहायचं. उघड्यावरचं खाऊ नका. ताप आला तर गोळी खाऊन झोपू नका, आधी फोन करा. निम्मं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तरी सांगायचं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा थंडी सरत आली होती. पुसेगावच्या बाजूचं एक खेडं त्यांचं. उंच, काटक माणूस, पांढराशुभ्र पायजमा-शर्ट, खिशाला पेन. आयुष्यभर ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम केलेलं. टाकी भरायची, वॉल फिरवायचा, आज या गल्लीला पाणी, उद्या त्या गल्लीला. निवृत्त झाले, बायको वारली, आणि मग पोटाचं निघालं. मोठ्या आतड्यात सुरू झालेलं दुखणं यकृतापर्यंत पोचलं होतं. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. औषधं वेळच्या वेळी गेली तर बरेच महिने मिळतील, कदाचित वर्षही, असं डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं, आणि मुलानं ते बापाला जसंच्या तसं सांगितलं होतं. हे मला फार आवडलं. आमच्याकडे बहुतेक घरांत रोग्याला सोडून साऱ्या गल्लीला ठाऊक असतं.

मी गाऊन चढवला, दुहेरी हातमोजे घातले आणि त्यांच्या हातावर शीर चाचपू लागले.

"काहून हातमोजे, बाई?" त्यांनी विचारलं.

"औषध जहाल आहे बाबा. हातावर सांडलं तर कातडी जाते."

"मंग ते माझ्या अंगात काहून घालता?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी फसकन हसली. मीही हसले. ते मात्र हसले नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी सांगितलं, की आत एक वाईट दुखणं वस्तीला आलं आहे, त्याला मारायला हे विषच लागतं, आणि ते आम्ही रोज हाताळतो म्हणून आम्हाला जपावं लागतं. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही.

मुलाला मी सगळं बजावलं. त्याचं पुसेगावला पंपाच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरून द्यायचं दुकान होतं. हुशार पोरगा. या औषधाची एक तऱ्हा आहे, मी म्हणाले, थंड सोसत नाही. थंड पाणी गळ्याखाली गेलं की गळा आवळल्यासारखा होतो, गार भांडं धरलं की हाताला करंट बसतो. प्यायला कोमट पाणीच द्यायचं. शिवाय औषधानंतर दोन दिवस त्यांच्या उलटीत, लघवीत औषध उतरतं. ते कपडे वेगळे धुवायचे, हातमोजे घालून. भांडं तेवढे दोन दिवस वेगळं. "घरात कुणी गरोदर बाई आहे का?" असंही मी विचारलं. तो क्षणभर अडखळला आणि नाही म्हणाला. आमच्याकडे तीन महिने भरल्याशिवाय ती गोष्ट उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या औषधाला ते आले तोवर ऊन तापलं होतं आणि आमच्या दाराशी माठ आला होता. औषध संपलं, मी सुई काढली. मुलगा खाली गोळ्या आणायला गेला. मी दुसऱ्या खाटेवरच्या बाईच्या शिरेत औषध सोडत होते, तिथून हात काढणं शक्य नव्हतं. सहज वर पाहिलं तर ते उठून दाराशी गेलेले. एका हातात गलास, दुसरा हात माठावरच्या झाकणीवर.

"बाबा! माठाला हात लावू नका!"

सांगितलंच आहे, माझा आवाज मोठा आहे. साऱ्या खोलीला ऐकू गेलं, बाहेर बाकावर बसलेल्यांनाही. त्यांचा हात चटका बसावा तसा मागे आला. मी जे म्हणाले ते औषधाच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं, आणि उद्या पुन्हा कुणी उठलं तर मी तेच ओरडेन. पण शब्द तोंडातून निघता निघता मला ऐकू आले. माझ्या तोंडचे, माझ्या आडनावाचे. 

 त्यांनी गलास पालथा घालून ठेवला आणि ते आपल्या खाटेच्या कडेला येऊन बसले. माझं हातातलं काम संपल्यावर मी जवळ जाऊन समजावलं, की थंड पाणी आहे म्हणून. ते म्हणाले, "व्हय, कळलं." एवढंच. मुलगा आला, दोघं गेले.

तिसऱ्या औषधाला ते आले नाहीत.

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "म्याडम, मी लय सांगून राहिलो, बाबा न्हाईच म्हणून राहिले. तुमचंबी नाव काढू देत न्हाईत." मी आठवडाभर वाट पाहिली. मग माझं डोकं फिरलं. अर्धवट औषध घेऊन घरी बसायचं, म्हणजे विष अंगात घालून घ्यायचं आणि त्याचा फायदा तेवढा सोडून द्यायचा. सुट्टीच्या दिवशी मी एसटीत बसले. वाटेत त्यांना काय काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव करत होते. राग होता, आणि खरं सांगायचं तर रागाखाली भीती होती.

विहाराच्या मागं त्यांचं घर. पत्र्याची ओसरी, दारात एक कडूलिंब, स्वच्छ सारवलेलं अंगण. ते बाजेवर बसले होते. चेहऱ्यावरची हाडं वर आली होती. मला बघून उठून उभे राहिले.

"बसा बाई. अगं, पाणी आण."

सून पाणी घेऊन आली. ते माझ्याकडं बघत होते, आणि कशासाठी ते मला कळत होतं. मी गलास तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला. तहान लागली होती हेही खरंच होतं.

"का नाही आलात?" मी विचारलं. एसटीत जुळवलेलं सगळं विसरून गेले होते.

"तुमी समद्यांदेखत म्हणलात. माठाला हात लावू नका."

"थंड पाण्यानं गळा आवळतो म्हणून म्हणाले. मुलाला आधीच सांगितलं होतं."

"म्हाईत हाय. त्याच दिशी घरी आलो आन माठातलं गलासभर प्यालो. रागारागात. फास बसल्यावानी झालं, बाई. गलास धरला त्या हाताला मुंग्याच मुंग्या. म्हणलं, आता चाललो. पोराला सांगितलं न्हाई."

हसावं की रागवावं कळेना. "म्हणजे माझं खरं होतं."

"खरं व्हतं. म्हणून तर यायचं जिवावर आलं. खोटं असतं तर येऊन भांडलो असतो."

मग ते बराच वेळ बोलले. लहानपणी आईबरोबर विहिरीवर जायचे. काठावर चढायचं नाही, खाली घागर घेऊन बसायचं. कुणाला दया आली की ती बाई वरून पाणी ओतायची, अंतर ठेवून. निम्मं घागरीत पडायचं, निम्मं मातीत. कधी कधी ऊन डोक्यावर यायचं तरी कुणी ओतायचं नाही. "मंग त्याच गावाचा वॉल माझ्या हातात आला. मोठ्या वाड्यात पाणी न्हाई आलं की वाड्यावरचा माणूस माझ्या दारात. मी कुणाचं पाणी अडवलं न्हाई बाई, कवाच न्हाई. पर तुमच्या खोलीत आडवा झालो ना, आन वर ती बाटली पाहिली, तवा मला विहीरच दिसली. वरून वतून राहिले, आपुन खाली."

औषध वरूनच सोडावं लागतं, हे काही याला उत्तर नव्हे.  पण गप्प बसणं मला जमत नाही. म्हणाले, "माझी आई माझ्या हातचा चहा पीत नाही, बाबा. मी हे काम करते म्हणून."

त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "वाईट हाय. पर बराबरी करू नका, बाई. तुमाला घरात चहा भेटत न्हाई. आमाला गावात पाणी भेटत नव्हतं."

ते बरोबर होतं. मी मान खाली घातली.

सून रिकामा गलास न्यायला आली आणि दारातच उभी राहिली. मी तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. पदर पोटावरून ओढून घेतला होता, पण आम्हा नर्स लोकांची नजर लपवू देत नाही.

"कितवा?"

"पाचवा लागला," ती लाजून म्हणाली. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर राहिलेलं पहिलं पोर. माहेर नव्हतंच, आई लहानपणी गेलेली. जे काय करायचं ते याच घरात.

 "औषधानंतर उलट्या झाल्या असतील. चादरी, कपडे कोण धुतं?"

"मीच."

"हातमोजे घालून?"

ती सासऱ्याकडं बघायला लागली. उत्तर त्यांनीच दिलं. "पोरानं आणले व्हते ग्लोज. गलासबी नवा आणला व्हता, माझ्यासाठी येगळा. मी समदं फेकून दिलं. म्हणलं, या घरात कुणाचं काई येगळं राहणार न्हाई. येगळं काय असतं ते मला म्हाईत हाय."

मग मात्र मी ओरडले. सुनेवर, नसलेल्या मुलावर, त्यांच्यावर. हे वेगळं ते वेगळं नाही, मी म्हणाले. तुम्ही वाईट म्हणून नाही, तुमच्या अंगात आम्ही घातलेलं औषध वाईट म्हणून. ते पोटातल्या पोराला बाधू शकतं. आतापर्यंत काही झालं असेल असं नाही, उगाच घाबरू नका, सोनोग्राफी करून घेऊ, पण इथून पुढं एक कपडासुद्धा हिनं धुवायचा नाही. बोलता बोलता मी थांबले, कारण त्यांचा चेहरा पाहवेना. विहिरीची गोष्ट सांगताना जो माणूस ताठ बसला होता तो आता वाकला होता.

"मंग औषधच नगं," ते म्हणाले. "लेकराच्या जिवावर मला न्हाई जगायचं."

"औषध बंद केलं तर नातवंड दिसणार नाही, बाबा."

"आन घेतलं तर?"

"घेतलं तर कदाचित दिसेल."

"कदाचित," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी तोंडात घोळवला. मी खोटं बोलू शकले असते. आमच्या धंद्यात गोड खोटं बोलायला पुष्कळ जागा असते. पण त्यांनी नुकतंच मला माझी जागा दाखवली होती, त्यांच्याशी खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या सोमवारी ते खोलीत हजर होते. हातात थर्मास, त्यात कोमट पाणी, आणि पिशवीत एक स्टीलचा गलास. गलासाच्या गळ्याला मोटारीच्या तांब्याच्या तारेची कडी पिळून बसवली होती. मुलगा म्हणाला, ती कडी बाबांनी मागून घेतली. घराच्या बाहेरच्या भिंतीला खिळा ठोकलाय, गलास तिथं टांगतात. घरामागं आडोशाला एक न्हाणी केली, बादली वेगळी, साबण वेगळा. कपडे स्वतः धुतात. ओसरीवर झोपतात.

"दोन दिवस पुरे आहेत बाबा," मी म्हणाले. "तिसऱ्या दिवसापासून घरात बसा, जेवा, काही होत नाही."

"दोन दिवसांची खात्री तुमची. लेकरू माझ्या घरचं हाय."

"पण एवढं नको."

"बाई," ते म्हणाले, "दुसऱ्यानं ठेवलं तर ते येगळं. मी राहिलो तर ते राखण."

 मी शीर शोधायला लागले. मला बरं वाटायला हवं होतं, कारण माझंच म्हणणं त्यांनी ऐकलं होतं. पण त्या तारेच्या कडीकडं बघून मला रडूच यायला लागलं. एवढं आयुष्य ज्या वेगळ्या गलासाच्या खिळ्याशी भांडण्यात घालवलं, तो खिळा या माणसानं आपल्या हातानं ठोकला होता.

पावसाळाभर ते येत राहिले. स्वभाव मोकळा झाला होता. मी गाऊन घालून आले की म्हणायचे, "सिस्टर, आमी सोवळ्यात हाओत बरं का. शिवू नका." साऱ्या खोलीत हशा पिकायचा. नवीन रोगी आला की माझ्या आधी तेच त्याला सांगायचे, माठाकडं जाऊ नको, ह्या बाईचा आवाज लय मोठा हाय. पण शरीर खचत होतं. बोटांची टोकं बधिर झाली. शर्टाची बटणं मुलगा लावायचा. तळहात, तळपाय काळवंडून सोलले. गलास दोन्ही हातांच्या मध्ये धरून प्यायचे, तरी निसटायचा आणि फरशीवर त्याचा आवाज व्हायचा. एकदा पेशी कमी झाल्या म्हणून औषध पुढं ढकललं, एकदा ताप आला म्हणून. दर वेळी ते एकच विचारायचे, "नववा लागेपर्यंत टिकतो ना मी?"

टिकले. मुलगी झाली, आमच्याच दवाखान्यात, पलीकडच्या इमारतीत. सगळी बोटं, सगळं काही ठीक. मी स्वतः जाऊन पाहून आले आणि त्यांना येऊन सांगितलं. ते त्या दिवशी औषधावरच होते. डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

नात घरी गेली. ती ओसरीच्या आत, ते ओसरीवर. सून दारात येऊन पोरीचं तोंड उघडं करून दाखवायची, ते बाजेवरून बघायचे. "घ्या ना हो बाबा," मी दर खेपेला म्हणायचे. "हात धुवा आणि घ्या. घेतल्यानं काही होत नाही, मी लिहून देते." ते हसून मान हलवायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी चिडून म्हणायचे. चिडणं सोपं होतं. घरी गेल्यावर मात्र जेवण जायचं नाही.

मग नांदेडला पुन्हा तपासणी झाली. मुलगा रिपोर्ट घेऊन आधी डॉक्टरांकडं गेला. मी बाहेर होते. दार उघडून तो बाहेर आला तेव्हा विचारायचं काही उरलं नव्हतं. औषधाला दुखणं जुमानत नव्हतं, पसरलं होतं. आता औषध देणं म्हणजे नुसता त्रास देणं. डॉक्टर म्हणाले, थांबूया. तुम्हीच सांगा, मुलगा मला म्हणाला, माझ्यानं न्हाई व्हणार. बापाला पहिल्या दिवसापासून खरं सांगणारा तो पोरगा, त्या दिवशी त्याचे पाय उचलेनात.

ते खोलीत त्यांच्या नेहमीच्या खाटेवर पडले होते, बाही वर करून, तयार. मी रिकाम्या हातांनी गेले आणि स्टूल ओढून बसले. त्यांचा हात हातात घेतला.

त्यांनी खाली बघितलं.

"आज हातमोजे न्हाईत, बाई?"

"आज औषध नाही, बाबा."

"पुढल्या बारीला?"

माझा आवाज मोठा आहे म्हणतात. तो कुठं गेला कुणास ठाऊक. मी नुसती मान हलवली. नाही.

ते छताकडं बघत राहिले. वर सलाईनचा रिकामा आकडा होता. शेजारच्या खाटेवरची नवी बाई आमच्याकडं टक लावून बघत होती, तिला काही कळत नव्हतं. कूलरचा आवाज येत होता. मला वाटलं आता ते किती दिवस असं विचारतील, आणि मी काय सांगायचं ते ठरवू लागले.

"म्हंजे आता अंगात ते औषध राहणार न्हाई," ते म्हणाले.

"नाही. मागचं सगळं निघून गेलं."

"मंग पोरीला घेता येईल."

मला हुंदका आवरला नाही. खाटेच्या कडेला कपाळ टेकून मी रडले, नोकरीतल्या इतक्या वर्षांत रोग्यासमोर पहिल्यांदा. एवढी त्यांनी वाट पाहिली होती त्या पोरीची, आणि ती जवळ घेता यावी म्हणून त्यांना मरणाला टेकावं लागलं, याचा मला इतका राग आला की तो कुणावर काढावा तेच कळेना.

"तुमचा हात लय गार हाय, बाई," ते म्हणाले. "मुंग्या येऊन राहिल्या."

मी हात सोडवायला लागले.

"न्हाई, ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

दिवाळी त्यांना दिसली. मग थंडी पडायला लागली तेव्हा ते गेले, घरी, ओसरीच्या आतल्या खोलीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेले. अंगणात मंडप, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, भन्तेजींची वंदना नुकतीच संपलेली. सुनेच्या कडेवर पोरगी होती, गुटगुटीत, माझा बिल्ला ओढायला बघणारी. दवाखान्यातून तशीच आले होते, काढायचा राहिला होता. भिंतीवर खिळा दिसला. खिळ्याला काही नव्हतं.

सून म्हणाली, त्या दिवशी दवाखान्यातून आले ते हात-पाय धुवून सरळ आत आले. चुलीपाशी बसले आणि म्हणाले, आण तिला. संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही. पोरगी ओली झाली तरी ठेवली नाही. हात थरथरत होते म्हणून खाली उशी घ्यायला लावली होती.

"आणि त्यांचा गलास?" मी विचारलं.

"त्याच दिशी. ह्यायला म्हणले, ती तार सोडव. तार सोडवली, गलास घासून घेतला, आन म्हणले, आता भांड्यात टाक." तिनं मांडणीकडं बोट दाखवलं. स्टीलचे गलास एका ओळीत पालथे घातलेले होते, सगळे सारखे.

"त्यातला कोणता?"

"आता वळखूच येत न्हाई, बाई."

तिनं त्यांतलाच एक उचलला, माठातून भरला आणि माझ्या हातात दिला. या वेळी मी पाणी पिते की नाही हे बघायला कुणी नव्हतं. थंडीचे दिवस, पाणी फार गार होतं. मी ते सगळं प्याले.